भिंतीआडची वीज

[वीज आपल्या घरात रात्रंदिवस राबते, परंतु तिची वाट भिंतीआड असल्यामुळे ती कोठे सुरक्षित आहे आणि कोठे नाही, हे सहजासहजी कळत नाही. घरातील वीजवाहक तारांची तपासणी कशी करतात आणि तिचा अहवाल कसा लिहितात, याची माहिती या पाठात दिली आहे.]

मलिक अंबर याने इ. स. १६१० मध्ये खडकी येथे नगर वसवले. तेच पुढे औरंगाबाद या नावाने प्रसिद्ध झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. या शहराला पाणी पुरवण्यासाठी जुन्या काळी डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या नहरींवाटे आणले होते. नहरीतील पाणी वरून चालणाऱ्याला दिसत नसे. परंतु नहर बांधणाऱ्यांनी जागोजागी उभी विवरे ठेवली होती. त्यांतून माणसाला खाली उतरता येई, साचलेला गाळ काढता येई आणि कोठे काही बिघडले असल्यास ते पाहता येई. जे झाकलेले आहे, त्याच्या पाहणीची सोय आधीच करून ठेवावी, हे शहाणपण त्या कारागिरांपाशी होते.

आज प्रत्येक घरात असाच एक झाकलेला प्रवाह वाहत आहे. तो विजेचा होय. बटण दाबताच दिवा लागतो, पंखा फिरतो, पाणी तापते. परंतु ज्या तारांतून ही वीज येते त्या भिंतीत गाडलेल्या नळ्यांतून किंवा लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या असतात. पाणी आणि वीज यांत एक मोठा फरक आहे. पाणी गळू लागले की भिंतीला ओल येते, रंग उडतो आणि घरातील माणसे सावध होतात. वीज गळू लागली तर भिंतीवर डाग पडत नाही, आवाज होत नाही, वासही येत नाही. तिची वार्ता पुष्कळदा पहिल्यांदा कळते ती कोणाचा तरी हात लागल्यावरच. आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत दर वर्षी १२ हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने प्राणास मुकली आहेत. यांतील कितीतरी अपघात वेळीच तपासणी झाली असती तर टळले असते.

ही तपासणी करावयाची कोणी? खांबावरून घराच्या मीटरपर्यंत वीज आणून पोहोचवणे हे वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीचे काम आहे. महाराष्ट्रात १९६० साली स्थापन झालेले राज्य वीज मंडळ पूर्वी हे काम करीत असे. २००५ साली त्या मंडळाचे विभाजन झाल्यापासून राज्याच्या बहुतेक भागात ते महावितरण कंपनीकडे आहे. परंतु मीटरपासून पुढची प्रत्येक तार, प्रत्येक बटण आणि प्रत्येक जोड घरमालकाच्या जबाबदारीत येतो. नवीन घरास वीज मिळण्यापूर्वी परवानाधारक वीज ठेकेदाराने तारांची चाचणी घेऊन अहवाल द्यावा लागतो. दोन तपासण्यांमध्ये पाच वर्षांहून अधिक अंतर पडू नये, असे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत सांगितले होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये नवे विनियम केले, तरी तपासणीचे महत्त्व कमी झाले नाही. असे असूनही घर बांधताना झालेली चाचणी हीच अनेक घरांच्या बाबतीत पहिली आणि शेवटची चाचणी ठरते.

तपासणी समजण्यासाठी घरातील तीन तारांची ओळख करून घेतली पाहिजे. आपल्याकडील सर्वसाधारण घरात लाल आवरणाची तार वीज आणते. तिला फेज म्हणतात. काळी तार विजेला परतीची वाट देते. तिला न्यूट्रल म्हणतात. तिसरी हिरवी तार एरवी काहीच करीत नाही. ती उपकरणाच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते आणि तिचे दुसरे टोक जमिनीत पुरलेल्या धातूच्या नळीस किंवा पत्र्यास जाऊन मिळते. हिलाच अर्थिंगची तार म्हणतात. फेजची तार आत कोठे उघडी पडून उपकरणाच्या धातूच्या अंगास लागली, तर वीज या हिरव्या तारेने जमिनीत उतरते, प्रवाह एकदम वाढतो, फ्यूज वितळतो आणि उपकरण बंद पडते. घरातल्या पहारेकऱ्याप्रमाणे ही तार वर्षानुवर्षे स्वस्थ उभी असते. परंतु तिचे काम ज्या दिवशी पडते, त्या दिवशी ती जागेवर नसेल तर माणसाचे शरीरच विजेची वाट बनते.

आता ही तपासणी प्रत्यक्ष कशी चालते ते पाहू. त्यासाठी गुलमंडीजवळच्या एखाद्या गल्लीतील जुने दुमजली घर डोळ्यांसमोर आणावे. घर बांधले तेव्हा त्यात चार दिवे आणि दोन पंखे होते. पुढे रेडिओ आला, दूरदर्शन संच आला, मग फ्रीज, पाणी तापवण्याचे यंत्र, इस्त्री आणि उन्हाळ्यासाठी कूलर आला. उपकरणे वाढत गेली. तारा मात्र जुन्याच राहिल्या. घरमालकांनी वरचा मजला भाड्याने द्यावयाचे ठरवले, म्हणून तपासणीसाठी परवानाधारक परीक्षकास बोलावले.

परीक्षक आल्याबरोबर हत्यारे काढीत नाही. तो प्रथम विचारपूस करतो. फ्यूज वारंवार जातो काय? एखादे बटण दाबताना चरचर आवाज येतो काय? नळाला किंवा भिंतीला हात लावल्यावर कधी झिणझिण्या आल्या काय? घरमालक हसून म्हणतात, “अहो, या तारा माझ्या वडिलांच्या वेळच्या आहेत. चाळीस वर्षांत कोणाला धक्का बसला नाही.”

“फार चांगले झाले, काका,” परीक्षक उत्तर देतो, “पण तारेचे आवरणही चाळीस वर्षांचे झाले आहे. ते आज कसे आहे, एवढेच मला पाहावयाचे आहे.”

दुसरी पायरी निरीक्षणाची. परीक्षक हात न लावता पाहत जातो. मीटरखालच्या पेटीत फ्यूजची बारीक तार असावयाची, तेथे कोणीतरी तांब्याची जाड तार गुंडाळली आहे. इस्त्रीचा प्लग काळवंडला आहे. कूलर खिडकीत लोखंडी घोडीवर ठेवला आहे आणि त्याच्या तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कापून टाकली आहे. कारण जवळच्या सॉकेटला दोनच छिद्रे आहेत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर माळवदातून पाझरलेल्या पावसाची ओल दिसते आणि त्याच भिंतीतून तारा गेल्या आहेत. प्रत्येक गोष्ट तो लगेच वहीत टिपतो. स्मरणावर विसंबून राहिलेला परीक्षक निम्म्या गोष्टी विसरतो आणि उरलेल्या निम्म्या चुकीच्या खोलीत लिहितो.

तिसरी पायरी चाचणीची. परीक्षक मुख्य स्विच बंद करतो. परंतु तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही. वीज चालू असलेल्या जागी टेस्टर लावून आधी टेस्टरच नीट आहे ना, याची तो खात्री करून घेतो आणि मगच बंद केलेल्या तारा तपासतो. बिघडलेला टेस्टर वीज असतानाही पेटत नाही आणि अनेक जाणत्या कारागिरांचा घात अशाच टेस्टरने केला आहे. त्यानंतर तो दिवे व उपकरणे वेगळी करून मेगर नावाचे यंत्र लावतो. हे यंत्र तार आणि जमीन यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरणातून किती वीज गळते ते पाहते. आवरणाचा रोध निदान १ मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, भरला पाहिजे. या घरातील बैठकीच्या तारा त्या कसोटीस उतरतात. स्वयंपाकघराच्या ओल्या भिंतीतील तारांचा रोध मात्र ०.२ मेगओहम इतकाच भरतो. डोळ्यांना ज्या भिंतीत केवळ ओल दिसत होती, तिच्यात वीजही पाझरत होती, हे यंत्राने दाखवून दिले.

मग परीक्षक अंगणातील अर्थिंगच्या खड्ड्याकडे वळतो. या खड्ड्यात कोळसा व मीठ घातलेले असते, कारण ओलसर जमिनीतून वीज सुलभपणे उतरते. मराठवाड्यातील उन्हाळा कडक. वैशाखात माती भेगाळते आणि खड्डा कोरडा पडला तर त्याचा रोध वाढतो. याचा परिणाम साध्या भागाकाराने समजतो. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. विजेच्या परतीच्या संपूर्ण वाटेचा रोध ५ ओहम असेल, तर बिघाडाच्या वेळी २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर प्रवाह वाहतो आणि १५ अँपिअरचा फ्यूज वितळून वीज बंद होते. हाच रोध ५० ओहम झाला, तर केवळ ४.६ अँपिअर प्रवाह वाहतो. फ्यूज शाबूत राहतो आणि कूलरची लोखंडी पेटी विजेने भारलेलीच राहते. ज्या दिवसांत कूलर लावला जातो, त्याच दिवसांत त्याचे रक्षण करणारा खड्डा कोरडा पडलेला असतो. उन्हाळ्यात या खड्ड्यात पाणी घालावे असे जाणकार सांगतात, ते याचसाठी.

येथे फ्यूजविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज माणसाला वाचवतो असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो तारेला वाचवतो. तारेतील प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. अशा वेळी तार तापून आग लागण्यापूर्वी फ्यूज वितळावा, ही योजना आहे. म्हणूनच फ्यूजच्या जागी जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेचे औषध देणे होय. परंतु माणसाच्या प्राणास याहून फार थोडा प्रवाह पुरतो. साठ वॅटच्या दिव्यातून सुमारे पाव अँपिअर प्रवाह वाहतो. त्याचा जेमतेम नववा भाग, म्हणजे सुमारे ३० मिलिअँपिअर, छातीतून गेला तरी जीव धोक्यात येतो. एवढ्याशा प्रवाहाची ५ किंवा १५ अँपिअरच्या फ्यूजला जाणीवही होत नाही. यासाठी आरसीसीबी नावाचा स्विच बसवतात. जाणारी वीज आणि परत येणारी वीज यांचा तो सतत ताळा पाहतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की वीज दुसऱ्या वाटेने जात आहे हे ओळखून तो डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी पुरवठा तोडतो.

चाचण्या संपल्या, तरी तपासणी संपत नाही. चौथी आणि सर्वांत जबाबदारीची पायरी अहवालाची. “घरातील वायरिंग खराब आहे” हा अहवाल नव्हे. कोणत्या खोलीत, कोणत्या जागी, काय आढळले, किती मोजले, किती असावयास हवे होते, धोका किती निकडीचा आहे आणि उपाय कोणता, ही सर्व माहिती त्यात आली पाहिजे. वाचणारा कारागीर त्या घरात पूर्वी कधी आला नसला, तरी अहवाल हातात घेऊन त्याला नेमक्या दोषापाशी पोहोचता आले पाहिजे. या घराच्या अहवालातील काही नोंदी अशा असतील :

१. स्वयंपाकघर, पूर्वेकडील भिंत. भिंत ओलसर. तारांचा रोध ०.२ मेगओहम, किमान १ हवा. धोका तत्काळ. या भागाचा पुरवठा बंद ठेवावा. गळती थांबवून नव्या तारा घालाव्यात.

२. बैठक, खिडकीतील कूलर. प्लगची जाड पिन कापलेली. पेटीस अर्थिंग नाही. धोका तत्काळ. तीन छिद्रांचे सॉकेट व अर्थिंगची तार बसेपर्यंत कूलर वापरू नये.

३. मीटरखालील पेटी. फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार. धोका तत्काळ. योग्य क्षमतेची तार आजच घालावी, आरसीसीबी बसवावा.

४. जिन्यातील दिवा. बटण फेजवर नसून न्यूट्रलवर आहे. त्यामुळे दिवा विझला तरी होल्डरमध्ये वीज राहते. आठ दिवसांत दुरुस्ती करावी. तोवर दिवा बदलावयाचा झाल्यास मुख्य स्विच बंद करावा.

अहवाल वाचून घरमालकांचा चेहरा उतरतो. ते म्हणतात, “भाडेकरू उद्या येणार आहेत. बाकीचे असू द्या. पण स्वयंपाकघराचे तेवढे लिहू नका. पुढच्या महिन्यात मी ते करूनच घेणार आहे.”

परीक्षक शांतपणे म्हणतो, “काका, मी लिहिले नाही म्हणून वीज थांबून राहणार नाही. हा कागद मी तुमच्यासाठी लिहीत नाही आणि भाडेकरूंसाठीही नाही. उद्या त्या स्वयंपाकघरात जो कोणी भिंतीला हात लावील, त्याच्यासाठी लिहीत आहे. दुरुस्ती झाली की मला बोलवा. मी पुन्हा मोजीन आणि जो आकडा येईल तोच लिहीन.”

तपासणीचे मर्म या उत्तरात आहे. मेगरचा काटा कोणाची भीड धरीत नाही. ती भीड अहवाल लिहिणाऱ्या हातानेही धरता कामा नये. न पाहता केलेली सही ही तपासणी न होण्याहून घातक असते. तपासणी झालीच नसेल तर माणसे निदान जपून वागतात; खोट्या सहीमुळे मात्र ती निर्धास्त होतात.

विजेतील दोषाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचा दुःखद अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागास आग लागली आणि दहा बालके दगावली. विजेच्या उपकरणात झालेल्या शॉर्ट सर्किटमुळे ही आग लागल्याचे चौकशीत सांगण्यात आले. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांची अग्निसुरक्षेच्या व विजेच्या दृष्टीने तपासणी करण्याचे आदेश निघाले. आदेश आवश्यकच होते. परंतु तपासणी दुर्घटनेच्या आधी झाली, तरच ती प्राण वाचवते.

मुलांनी विजेचा बोर्ड उघडावयाचा नसतो, तारेला हात लावावयाचा नसतो आणि दुरुस्तीचा प्रयत्न तर मुळीच करावयाचा नसतो. परंतु तपासणीच्या चार पायऱ्यांपैकी पाहण्याचे आणि लिहिण्याचे काम मुलांनाही उत्तम प्रकारे करता येते. काळवंडलेला प्लग, तडा गेलेले बटण, सोललेली तार, ओल्या भिंतीवरील बोर्ड, पिन कापलेला प्लग, विजेच्या खांबाला बांधलेली कपडे वाळवण्याची तार या गोष्टी लांबूनही दिसतात. दिसेल ते खोलीच्या नावासह आणि तारखेसह कागदावर लिहावे आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावे. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी त्याचे बटण बंद करून प्लगही काढला आहे ना, याची मोठ्यांना आठवण करून द्यावी. वडीलधाऱ्यांनी “पाहू पुढे” असे म्हटले, तर नम्रपणे पण न विसरता पुन्हा सांगावे. कोणास विजेचा धक्का बसलेला दिसला, तर त्याला हात न लावता प्रथम मुख्य स्विच बंद करण्यासाठी मोठ्याने हाक मारावी.

वीज शत्रू नाही. तिच्यामुळे शेतातील पंप चालतो, दवाखान्यात शस्त्रक्रिया होते, रात्री अभ्यास करता येतो. ती केवळ आपल्या नियमाने वागते आणि सर्वांत सोपी वाट धरते. ती वाट तारेतून असावी की माणसाच्या देहातून, हे मात्र माणसाच्या दक्षतेवर अवलंबून आहे.

शब्दार्थ

नहर : पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेला कालवा. विवर : खोल भोक. माळवद : मातीचे सपाट छप्पर. रोध : विजेच्या वाहण्यास होणारा अडथळा. घोडी : वस्तू ठेवण्याची चौपायी मांडणी. ताळा पाहणे : हिशेब जुळतो की नाही ते तपासणे. भीड धरणे : संकोचाने खरे न बोलणे. निर्धास्त : भीती नसलेला.

स्वाध्याय

१. पाण्याची गळती आणि विजेची गळती यांत लेखात कोणता फरक सांगितला आहे?

२. कारणे द्या : (अ) उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालतात. (आ) टेस्टर वापरण्यापूर्वी तोच तपासून घ्यावा लागतो. (इ) फ्यूज माणसाचे रक्षण करू शकत नाही.

३. परतीच्या वाटेचा रोध १० ओहम असेल, तर बिघाडाच्या वेळी किती अँपिअर प्रवाह वाहील? १५ अँपिअरचा फ्यूज वितळेल काय?

४. ‘न पाहता केलेली सही ही तपासणी न होण्याहून घातक असते.’ या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : प्राणास मुकणे, कसोटीस उतरणे, चेहरा उतरणे.

६. ‘पाहणे, मोजणे, सांगणे, लिहिणे’ या धातुसाधितांपासून नामे तयार करा. उदा. तपासणे – तपासणी.

उपक्रम : आपल्या घरातील किंवा वर्गातील विजेची बटणे, प्लग व बोर्ड यांचे लांबून निरीक्षण करा. कोठेही हात न लावता आढळलेल्या दोषांचा क्रमवार अहवाल लिहा आणि तो पालकांना किंवा वर्गशिक्षकांना द्या.